मृत्युपत्राचा प्रॉम्प्टर

परळच्या नाक्यावर कोणीतरी दृष्ट उतरवून ठेवलेला नारळ मी एकदा उचलून घरी आणला आहे. बायकोने त्याची सोलकढी केली, आम्ही दोघं भुरके मारत प्यायलो... आणि कोणाला काहीही झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून आपण म्हणाल – हा नाटकवाला, याला विंगेतली दोरी हलली तरी भूत दिसत असेल. तसं नाही. पोटासाठी मी गिरणीत टाइमकीपर आहे. जो दारातून आत आला तो हजर, जो आला नाही तो गैरहजर, एवढाच माझा धर्म. फक्त एकदा, भर दुपारी, हायकोर्टात, एका पक्क्या गैरहजर माणसाने हजेरी लावली. तेवढी एक नोंद कुठे करावी ते मला अजून कळलेलं नाही.

राज्य होण्याआधीची गोष्ट. मुंबई कोणाची हे दिल्लीत ठरत होतं. लालबागेत ते केव्हाच ठरलं होतं. तिथे मार्केटच्या मागच्या चाळीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत भाऊ पेडणेकर राहत. राहत म्हणजे – खोल्यांत पेट्या राहत, आणि पेट्यांच्या मधल्या जागेत भाऊ आणि त्यांचा भाचा सदा. भाऊ जुन्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. बोलपटांनी कंपनी बुडवली तेव्हा मालकाने सगळा कपडेपट भाऊंच्या हवाली केला. खऱ्या जरीचे शालू, शेले, मुकुट, टोप, गुंडाळलेले रंगीत पडदे. भाऊंनी तो तसाच जपला आणि गिरणगावातल्या नाटक मंडळांना वापरायला दिला. गणपतीत आमची गिरणी, शिमग्याला भायखळ्याची मंडळी, जयंतीला वरळीच्या बीडीडी चाळीतली मुलं, सभेआधी पोवाडे म्हणणारी कलापथकं. ज्याच्याकडे भाडं असे तो देई. नसे तो कपडे धुऊन, इस्त्री करून परत आणी. भाऊ शालूचा काठ नाकाशी नेत आणि घाम कोणत्या अंकातला ते सांगत. (हे मी पदरचं घातलंय. पण त्यांना ते जमलं असतं.)

आमच्या नाटकांना प्रॉम्प्टिंगही तेच करत. कायम डाव्या विंगेतून. आवाज असा, की नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. आणि भाव? औषधालाही नाही. "हा माझा प्राण चालला" आणि "चहा आणा" ही दोन्ही वाक्यं ते एकाच सपाट सुरात द्यायचे. भाव भरायचं काम नटाचं. मी विनोदी कामं करायचो आणि माझा हात सढळ. एका वाक्याच्या जागी चार घालायचो, लोक हसायचे, आणि डावीकडून तो सपाट आवाज यायचा, "दत्तू, लिहिलंय तेवढंच."

छातीचं दुखणं सुरू झालं तेव्हा भाऊंनी मृत्युपत्र करायचं ठरवलं. त्यात कपडेपटाचा ट्रस्ट केला. तीन विश्वस्त. कपडा विकायचा नाही, पेट्या वाटायच्या नाहीत, आणि ज्या मंडळाच्या हातात काही नाही त्याला आधी द्यायचं. सदाने दोन्ही खोल्यांत राहावं, कपडेपट सांभाळावा, ट्रस्टने त्याला दरमहा पगार द्यावा. मी म्हटलं, भाऊ, इतका खटाटोप कशाला, सदाच्या नावावर करून टाका. त्यांनी मान हलवली.

"माझ्या मागे ह्येका मालक नको रे. मालक इलो काय तो इकतलो. ह्येका राखणदार व्हयो."

चौथी यत्ता शिकलेल्या माणसाने ट्रस्टचा अख्खा कायदा मला असा दोन वाक्यांत सांगितला. पुढे वकिलांकडून तोच ऐकायला अर्धा दिवस लागला.

भाऊ गेले. आणि मुंबईत मृत्युपत्र नुसतं पेटीत असून भागत नाही. ते खरं आहे असं हायकोर्टाने म्हणावं लागतं, त्याला प्रोबेट म्हणतात. विश्वस्तांनी अर्ज केला आणि सदाने हरकत घेतली. मामा आजारी होते, डोळ्यांना दिसत नव्हतं, भलत्याच कागदावर यांनी सही घेतली, असं त्याचं म्हणणं. दादरचा एक स्टुडिओ सगळे शालू एकरकमी घ्यायला तयार होता, हे खरं. पण सदाला लागलं होतं ते वेगळंच. चाळीच्या जिन्यात त्याने मला अडवलं होतं.

"दत्तूकाका, मामांनी मला मुलगा म्हणून वाढवलं आणि कागदावर नोकर केलं. तुम्ही सही करताना एवढंही बघितलं नाहीत?"

मी पाळीची वेळ झाली म्हणून सटकलो. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

मृत्युपत्रावर साक्षीदार दोन. एक मी. दुसरे आमचे शाळामास्तर, ते सीमासत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसले होते. ट्रस्टचे वकील म्हणाले, हरकत नाही, एक साक्षीदार पुरतो, फक्त तो धड हवा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोसळलो तर मृत्युपत्र कोसळणार आणि गणपतीच्या आत पेट्या दादरला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. वकिलांनी मला बजावलं, विचारलं तेवढंच सांगा. भाऊ तेच म्हणायचे, पण वकिलांनी त्याची फी घेतली.

खोटं कशाला बोलू, साक्षीदाराचा पिंजरा मला आवडला. उंची बेताची, उजेड समोरून, प्रेक्षक मोजके पण एकचित्त. कामकाज इंग्रजीत, म्हणून माझ्या उजव्या हाताला दुभाषी उभा. समोर, माझ्याकडे तोंड करून, सदा बसलेला. माझ्या डाव्या बाजूला भिंत, आणि भिंतीला कुलूप लावलेलं पुस्तकांचं कपाट. हे लक्षात ठेवा. डावीकडे माणूस नाही, माणूस मावेल अशी जागाही नाही.

सदाचे बॅरिस्टर उठले. काय आवाज होता त्या माणसाचा... कंपनीत असते तर राजे झाले असते. त्यांनी गोड आवाजात विचारलं, सहीपूर्वी मयताने कागद वाचला होता काय? चष्मा लावून?

घरून माझी तयारी होती. भाऊ धोतराच्या सोग्याने चष्मा पुसतात, डोळ्यांवर चढवतात, ओळ न् ओळ दोनदा वाचतात, मग थरथरत्या हाताने सही करतात – असा छोटासा प्रवेशच मी बसवला होता. चष्मा पुसण्याचा अभिनय आरशासमोर करून पाहिला होता. भाऊ कागद वाचल्याशिवाय सही करतील काय, मग चष्मा असणारच, असं माझं मीच ठरवलेलं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं –

"चष्मा नव्हता."

डावीकडून. हलका, सपाट, भाव नसलेला आवाज.

आता आपण म्हणाल, दत्तोपंत, जन्मभराची सवय ती, कानात वाजलं असेल. मीही तसंच म्हटलं असतं. पण माझं तोंड उघडं ते उघडंच, आणि उजवीकडच्या दुभाष्याने शांतपणे इंग्रजीत सांगून टाकलं, त्यांनी चष्मा लावलेला नव्हता.

जजसाहेबांनी मान वर केली. साक्षीदार अजून बोललेलाच नाही, असं ते म्हणाले. दुभाषी गोंधळला. तो म्हणाला, मी कानावर पडलं त्याचं भाषांतर केलं, पदरचं काही घालत नाही. साहेबांनी सगळ्या कोर्टावरून नजर फिरवली, एका शिपायाने उगाच कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, आणि मग साहेबांनी सर्वांना ताकीद दिली की साक्षीदाराला कोणीही प्रॉम्प्ट करू नये. अगदी हाच शब्द, प्रॉम्प्ट.

प्रश्न पुन्हा विचारला गेला. आणि तोवर मला खरं काय घडलं ते लख्ख दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, चष्मा नव्हता. बॅरिस्टरांचा चेहरा थोडा उतरला. मग वाचलं कोणी? म्हटलं, मास्तरांनी. भाऊ पेटीवर डोळे मिटून बसले होते. मास्तर वाचत होते, आणि भाऊ त्यांच्या अर्धं वाक्य पुढे होते. मास्तर वैतागले, म्हणाले, भाऊ, मी वाचतोय ना. तर भाऊ म्हणाले, "तू वाच रे. मी नुसतो सांभाळतंय." सबंध मृत्युपत्र त्यांना पाठ होतं. स्वतःच्या मृत्युपत्राचं प्रॉम्प्टिंग करणारा माणूस मी तेव्हा पाहिला होता, आणि त्याच्या जागी चष्मा पुसणारा म्हातारा बसवायला निघालो होतो.

साहेबांनी विचारलं, त्यातलं काही आठवतं? मी भाऊंच्याच सुरात, भाव न घालता म्हटलं, "माझा भाचा सदानंद यास ठेवावे, कारण कोणता कपडा कोणाच्या अंगावर शोभेल हे माझ्यानंतर त्यालाच कळते."

साहेबांनी समोरचा कागद पाहिला, दुभाष्याला एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, आणि मान डोलावली. मी शब्द घातला नव्हता, गाळलाही नव्हता. सदा खाली बघत होता. इतके दिवस त्याने त्या कागदात पगार तेवढा वाचला होता.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या वकिलांनी दुसऱ्या बाकावरचे काळ्या टोपीचे गृहस्थ दाखवले. सदाच्या बॅरिस्टरांनी आणलेले गिरगावचे चष्मेवाले. सहीच्या दिवशी भाऊंचा चष्मा काच फुटून त्यांच्याच दुकानात पडला होता. मी माझा प्रवेश केला असता तर पुढचा साक्षीदार तेच होते, आणि पडदा तिथेच पडला असता.

पण त्यांना बोलवायची वेळ आली नाही. सदाने आपल्या बॅरिस्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हरकत मागे घेतली. प्रोबेट यथावकाश मिळालं. आज कपडेपट त्याच खोल्यांत आहे, आणि राखणदार इतका खडूस आहे की मला मुकुट देताना तो माझ्या डोक्याकडे संशयाने बघतो.

त्या दिवशी मात्र तो कोर्टाच्या जिन्यावर माझ्यासाठी थांबला होता. आधी म्हणाला, पेट्यांची किल्ली कोणाकडे आहे, वरळीची मुलं सोमवारी येणार आहेत. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "काका, तुम्हाला कुठून ऐकू आलं?"

"डावीकडून."

"मलाही," सदा म्हणाला. "माझ्या डावीकडून. अगदी कानाशी."

मी मान डोलावली आणि दोन पायऱ्या उतरलो. तिसऱ्या पायरीवर थांबलो.

आम्ही समोरासमोर होतो. माझी डावी बाजू ती त्याची उजवी. वाचकांनी घरी करून पाहावं – कप म्हणजे मी, बशी म्हणजे सदा, दोघांची तोंडं एकमेकांकडे, आणि भाऊंना एकाच जागी असं उभं करायचं की ते दोघांच्याही डाव्या विंगेत असतील. मी किती वेळा मांडून पाहिलंय. चहा निवतो, जमत मात्र नाही.