पत्र्यातलं झाकण

सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला, नदीच्या अंगाला, एका काकांची पिठाची गिरणी आहे. इतकी वर्षं दळण नेतेय, पण त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माणूस बोलका. क्रिकेट, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, काहीही चालतं. फक्त पुराचा विषय निघाला की त्यांचा हात बटणाकडे जातो आणि समोरच्याचं बोलणं गिरणीच्या घरघरीत बुडतं.

ते बटण आधी कमरेच्या उंचीवर होतं. एका पुरानंतर ते डोक्याशी गेलं, दुसऱ्यानंतर थेट आढ्याशी. आता ते काठीनं दाबतात.

"पोरं हात लावत्यात, ताई," म्हणतात.

परवा माझं दळण झालं होतं. मी डबा उचलता उचलता सहज म्हणाले, "यंदा पाऊस जास्त सांगितलाय."

"आवं, दरसालचंच हाय त्ये. काय न्हाई होत."

मी वर बघितलं. छपराच्या पत्र्यात माणूस जाईल एवढं चौकोनी भोक पाडून त्याला बिजागरीचं झाकण बसवलं होतं. खाली भिंतीला लोखंडी शिडी पक्की केली होती. शिडीला नवा दोर गुंडाळलेला.

"हे कशाला?"

"आत उजेड येत न्हवता."

"मग झाकण कशाला?"

त्यांनी काठी उचलून बटण दाबलं.

गिरणीत एक दाणाही नव्हता. दगडावर दगड घासत राहिला, जळका वास सुटला. ते बंद करेनात. मीही बंद करा म्हटलं नाही.