ग्वालपहाडीचा चढ आणि मागून येणारे गृहस्थ

माझ्या माजी नवऱ्याचं दुसरं लग्न फेब्रुवारीत ठरलं, म्हणून मी दिल्लीला गेले. दिल्ली पाहायची फार हौस होती असं नाही. पण कराड लहान गाव आहे. मी तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि त्या आठवड्यात निम्मं गाव माझ्या टेबलाशी येऊन "बरी आहेस ना?" विचारणार हे मला दिसत होतं. पुस्तक मात्र कुणी नेलं नसतं.

नंदाताई, म्हणजे माझी मामेबहीण, केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. फोनवर ती म्हणाली, "मेधे, ये. रविवारी आमच्या गटाबरोबर सायकलवर जाऊ. छोटीशी चक्कर असते." मी हो म्हटलं. शाळेत असताना मी सायकल चालवत होते. त्यानंतर मध्ये एक लग्न, एक मुलगी आणि एक घटस्फोट झाला होता, पण सायकल विसरत नाही म्हणतात.

पुण्याहून रेल्वेने निजामुद्दीनला उतरले. तुम्ही फेब्रुवारीत जाणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. मी ठेवला होता. फलाटावर अख्खी बॅग उपसून तो काढला आणि मग पाहिलं, तर नंदाताई माझ्यासाठी शाल घेऊन उभी.

घरी पोहोचल्यावर कळलं की छोटीशी चक्कर म्हणजे मेहरौली, छतरपूर, मांडी गाव, ग्वालपहाडी, तिथून फरिदाबादच्या दिशेने अरवलीतून सूरजकुंड आणि परत. अंतर विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "साठाच्या आतच आहे." मला वाटलं मिनिटं. ते किलोमीटर होते.

"ताई, मला शुगर आहे. गुडघा दुखतो."

"अगं, म्हणूनच तर."

तीन दिवस सराव केला. सायकल भाड्याने मिळते, दिवसाचं भाडं बाहेरच्या दोन वेळच्या जेवणाएवढं होतं. सरावाला शांतिपथ उत्तम. रस्ता रुंद, झाडं मोठी, दोन्ही बाजूंना परदेशी वकिलाती. पहिल्या दिवशी मी एका वकिलातीच्या फाटकासमोर पडले. पहारेकऱ्याने "लगी तो नहीं?" विचारलं आणि लगेच पुन्हा सरळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पडले नाही. तिसऱ्या दिवशी पडले, पण फाटक दुसरं होतं.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. गटात पंधराएक जण. पुढारी होत्या हरप्रीतजी, निवृत्त शिक्षिका, साठीच्या पुढच्या, आणि सगळ्यांत वेगवान. त्यांनी नियम सांगितले: हेल्मेट काढायचं नाही, डावी बाजू सोडायची नाही, कुणालाही एकटं मागे सोडायचं नाही. या शेवटच्या नियमासाठी एक माणूस नेमलेला असतो. जो सगळ्यांत हळू असेल त्याच्या मागे त्याने राहायचं. त्या दिवशी ते काम अविनाश नावाच्या गृहस्थांकडे होतं आणि सगळ्यांत हळू मी होते. आमची ओळख अशी गटाच्या नियमानुसार झाली.

मेहरौलीपर्यंत मी त्यांना दिल्लीचीच कुणी बाई वाटत होते, कारण मी घाबरून हिंदीच बोलत होते. छतरपूरच्या पुढे एक कुत्रं अंगावर आलं आणि मी मराठीत ओरडले. मागून आवाज आला, "अच्छा, तुम्ही मराठी आहात?"

त्यांचे वडील नोकरीसाठी दिल्लीला आले ते इथलेच झाले. अविनाशचा जन्म इथला, शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत, नोकरी सरकारी. वय माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी जास्त. "माझी मराठी थोडी जंग खाल्लेली आहे," ते म्हणाले. "घरी बोलायला आता कोणी नाही ना."

मांडी गावाच्या पुढे रस्ता चढायला लागतो. नकाशात हा चढ दिसत नाही. नंदाताईसकट गटातल्या बायका गप्पा मारत तो चढून गेल्या. मी निम्म्यावर उतरले.

"जरा उसंत घेते," मी म्हटलं.

"उसंत म्हणजे?"

"दम खाणं."

"अच्छा. घ्या, घ्या. बिल्कुल घ्या."

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. बाभळी, धूळ, लांबवर गुरुग्रामच्या इमारती. घड्याळात पाहिलं तर कराडला मुहूर्ताची वेळ झाली होती. मला वाटलं होतं मला काही वाटणार नाही. पण रडू आलं, आणि तेही हुंदके देऊन, हेल्मेटसकट. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली असतो, त्यामुळे डोळे नीट पुसताही येत नाहीत.

अविनाश थोड्या अंतरावर दुसऱ्या दगडावर बसले. त्यांनी पिशवीतून एक किन्नू काढलं. हे संत्र्यासारखं फळ हिवाळ्यात दिल्लीत सगळीकडे मिळतं. ते शांतपणे सोलत राहिले.

"आज माझ्या नवऱ्याचं लग्न आहे," मी म्हटलं. "म्हणजे आधीच्या नवऱ्याचं."

त्यांनी अर्धं किन्नू माझ्यापुढे धरलं. "रडायला ही जागा चांगली आहे. पुढे टोल आहे, तिथे फार गर्दी असते."

मी हसले की रडले ते आठवत नाही. फळ खाल्लं.

मग तेच बोलायला लागले. "माझी बायको गेली तेव्हा मी ऑफिसात नाही रडलो, घरी नाही. मुलगा तेव्हा घरीच होता ना, समोर. मग एकदा इथेच, ह्याच चढाईवर. गटाला वाटलं माझी चेन उतरली. सगळे चेन बघायला आले."

"मग?"

"मग मी पण बघितली चेन."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "परत जायचं असेल तर जाऊ. मी सोबत येतो. गाडी पण बोलावता येईल." त्यांच्या आवाजात कीव नव्हती. कराडात ती मला चार वर्षं रोज मिळत होती, त्यामुळे नसली की लगेच कळते.

"वर किती राहिलं?" मी विचारलं.

"जास्त नाही. पण जेवढं आहे ते सरळ वर आहे."

मी सायकल हातात धरून चालत निघाले. काही वेळाने लाज वाटली म्हणून बसले. गियर सगळ्यात हलका केला. पाय गोल गोल फिरत होते आणि सायकल जागची हलत नव्हती असं वाटत होतं, पण बाभळी मागे जात होत्या. श्वासाचा आवाज मला ट्रकसारखा ऐकू येत होता. अविनाश मागून एक शब्द बोलले नाहीत. "शाब्बास" नाही, "जमेल" नाही. मी वर पोहोचले तेव्हा हरप्रीतजींनी माझ्या पाठीवर जी थाप मारली ती अजून दुखते.

वरून फरिदाबादकडे जाणारा रस्ता जाताना जरूर पाहा. दोन्हीकडे खडकाळ जंगल, मोर, आणि एक मोठा उतार. पहिल्यांदा मी दोन्ही ब्रेक आवळून धरले होते. मग सोडले. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते वाऱ्याने. सूरजकुंडाजवळ ढाब्यावर पराठे खाल्ले, मुळ्याचे, वर पांढरं लोणी. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. लक्ष्मीबाई नगरात पोहोचल्यावर जिना चढता येईना, तेव्हा ताईने मागून ढकललं.

परतीला अजून चार दिवस होते. लाल किल्ला, कुतुबमिनार यांबद्दल इतरांनी लिहिलंय. मी बुधवारी अविनाशबरोबर हिंदूरावच्या टेकडीवर फिरायला गेले. ते तिथेच जवळ राहतात. झाडी दाट आहे आणि माकडं फार, खायचं काही हातात नेऊ नका. "हिंदूराव मराठा सरदार, ग्वाल्हेरहून इथे आलेले, आपले," ते म्हणाले. "मी लहानपणी सगळ्यांना सांगायचो, माझे काका आहेत." टेकडीवर आम्ही दोन तास चाललो. त्यांच्या बायकोबद्दल बोललो, माझ्या नवऱ्याबद्दल बोललो, मग दोघंही त्या विषयाला कंटाळलो आणि भाज्यांबद्दल बोललो. घेवडा म्हणजे काय हे समजावण्यात बराच वेळ गेला.

निघायच्या दिवशी गाडी नवी दिल्लीहून होती. स्टेशनासमोरच पहाडगंज. त्यांनी शाळा बाहेरून दाखवली आणि मग छोले-कुलचे खायला घातले. फलाटावर त्यांनी माझी बॅग बर्थखाली सरकवली, खाली उतरले आणि खिडकीशी आले.

"मी फोन करू का? मराठी सुधारायला नाही. असाच."

"करा," मी म्हटलं. डब्यातल्या समोरच्या काकूंनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

कराडला आल्यावर अपेक्षेप्रमाणे लोक टेबलाशी आले. लग्नाचं जेवण कसं होतं तेही मला सांगून गेले. मी ऐकून घेतलं. गुडघा अजून दुखतो. शुगर थोडी उतरली आहे. मी सायकल विकत घेतली आणि रोज सकाळी नदीपर्यंत जाते, तिथे मला कुणी मागून ढकलत नाही.

फोन रोज येतो. आई माझ्याजवळ राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पंधरा दिवस तिने दम धरला. मग मटार सोलता सोलता म्हणाली, "कोण आहे गं?"

सगळं सांगितलं. तिने शेंगा संपेपर्यंत ऐकलं.

"तुला हसताना ऐकते मी आतून," ती म्हणाली. "मुलीला सांगितलंस?"

मुलगी बंगळुरूला असते. तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती "फोटो पाठव" म्हणाली. पाठवला. "हेल्मेटशिवाय पाठव," म्हणाली. तसा माझ्याकडे नव्हता.

काय उरलं म्हणाल, तर मला चढ आवडत नाहीत हे नक्की कळलं. तरी चढता येतात. आणि कुणाबरोबर गप्प बसून दमायला बरं वाटतं, हे मला या वयात नव्याने कळलं, त्याचं काय करायचं ते ठरवायला मला दीड महिना लागला.

परवा त्यांचा फोन आला तेव्हा ते मे महिन्याच्या रजेबद्दल बोलत होते. जाऊ कुठेतरी, डोंगरात वगैरे, अजून ठरलं नाही.

"कराडला ये," मी म्हटलं.

 मग त्यांचा आवाज, जरा हळू. "तुम्ही आत्ता... 'या' नाही म्हणालात."

"नाही म्हणाले."

"अच्छा," तो म्हणाला.