मनीषाचा एडिटर

ऑफिसातला कचरा रोज सकाळी झाडून निघतो, किस्से तेवढे साठत जातात. मी सांगायला लागलो की लोक हसतात. ज्यांच्यावर ते गुदरले, त्यांना हसताना मी फारसं बघितलेलं नाही.

कराडला लागून मलकापुरात, हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. परदेशातल्या प्रकाशकांची पुस्तकं यायची, ती एक्सएमएलमध्ये घालून आम्ही परत पाठवायचो. म्हणजे हे शीर्षक, हा लेखक, हा परिच्छेद, अशी सगळ्या मजकुराला खूण लावायची. कुठली खूण कुठं चालते, कुठली लावलीच पाहिजे, या नियमांची एक वेगळी फाइल असते. तिला म्हणतात स्कीमा. ती लिहायची मनीषा. वडूजहून रोज एसटीनं यायची. आणि लिहायची कशात? साध्या नोटपॅडमध्ये!

तिची मागणी एकच होती, एका सॉफ्टवेअरची. "सर, एखादा बरा एडिटर घ्या. चुकलं की कुठल्या ओळीत चुकलं ते दाखवणारा. सगळे नियम डोक्यात धरून बसावं लागतं हो."

एवढ्या एका मागणीवर दोन वर्षं गेली.

* * *

साहेबांनी पहिल्यांदा नेटवर सगळ्यात नावाजलेल्या एडिटरची किंमत काढली. काढली ती हॉलच्या मधोमध उभं राहून, मोठ्यानं.

"अरे बापरे! एवढ्यात तर मला अजून एक मनीषा मिळेल!"

मनीषा समोरच बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग आणा सर. दोघी मिळून चुका शोधू."

सगळे हसले. साहेब पण हसले. विषय तिथंच संपला.

* * *

मग कळलं की तोच एडिटर तीस दिवस फुकट वापरता येतो. साहेब खूष! महिना संपला की पुढच्या कॉम्प्युटरवर नवी ट्रायल टाकायची आणि मनीषानं तिथं जाऊन बसायचं. डबा, पाण्याची बाटली, पाठीला लावायची उशी, सगळं घेऊन दर महिन्याला ती एक टेबल पुढं सरकायची. ज्याचं टेबल जायचं तो वैतागायचा, तोही तिच्यावरच. माझं टेबल गेलं तेव्हा मीही दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

आमचे जाधवआबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. तयार फायली तपासायचं काम त्यांच्याकडं. सहाव्या टेबलावर मनीषाला बघून ते म्हणाले, "पोरी, बावीस वर्सं फौजेत काढली मी. पर एवढ्या पोस्टिंगा माज्या बी न्हाई झाल्या!"

सात कॉम्प्युटर होते. सात महिन्यांत संपले.

* * *

त्यानंतर साहेबांनी कुठून तरी एक फुकटचा एडिटर शोधला. फाइल उघडली की कोपऱ्यात हिरवी टिक यायची. मनीषानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, हा फक्त उघडलेली खूण बंद झाली का एवढंच बघतो. स्कीमाचे नियम बघतच नाही."

"हिरवं येतंय ना? मग पाठवा!"

पाठवायचं काम माझ्याकडं होतं. मी पाठवलं. ती काय म्हणाली ते मी ऐकलं होतं, तरी पाठवलं.

अख्खा लॉट परत आला. पुढचे तीन रविवार सगळं ऑफिस दुरुस्तीला बसलं. त्यातल्याच एका रविवारी मनीषाच्या भावाचा साखरपुडा होता. "स्कीमा तुझा आहे, तूच नसलीस तर कसं?" असं साहेब म्हणाले. ती आली. फोटो तिनं फोनवर बघितले.

साहेब मात्र फिरून तेच, "पण हिरवं तर होतं!"

आबा म्हणाले, "आवं सायेब, हिरवं तर गाजरगवत बी असतंय!"

* * *

शेवटी मनीषानं स्वतःच एक एडिटर हुडकला. छोट्या कंपनीचा, किंमत आपल्याला झेपणारी, स्कीमा तपासणारा. दोन आठवडे वापरून बघितला आणि काय जमतं, काय जमत नाही, ते दोन पानांवर नीट लिहून दिलं.

साहेबांनी पानं उलटीसुलटी केली. "एवढा स्वस्त? क्लायंटनं विचारलं तर सांगायचं काय?"

आणि मग महागडाच बघायला डेमोसाठी सांगलीला गेले. सोबत मनीषा नाही, मेव्हणे सचिनराव! त्यांना नुकतंच ऑफिसात मॅनेजर केलं होतं. त्याआधी ते पत्र्याच्या शेडची कामं घ्यायचे. गाडी आबा चालवत होते, म्हणून पुढचं कळलं.

सेल्समननं विचारलं, "सर, तुमचं स्ट्रक्चर किती लेव्हलचं आहे?"

सचिनराव म्हणाले, "दोन मजले. वर पत्रा."

आबा सांगायचे, "त्यो गडी लय सज्जन. हसला न्हाई. बिलच करून दिलं!"

दोन लायसन्स आली. एक साहेबांच्या कॉम्प्युटरवर, एक सचिनरावांच्या. मनीषा नोटपॅडमध्येच.

* * *

त्या महागड्या एडिटरात एक बटण होतं. दाबलं की स्कीमातून नियमांचं देखणं पुस्तक तयार. सचिनरावांनी मनीषाचा स्कीमा उघडला, बटण दाबलं, पहिल्या पानावर 'रचना' म्हणून स्वतःचं नाव टाकलं आणि पुस्तक क्लायंटला पाठवून दिलं. तिच्या कामावर तिचं नाव आजवर कधी गेलंच नव्हतं, त्यामुळं कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. हॉलमध्ये मोठा स्क्रीन, पुढं साहेब आणि सचिनराव, मागं आम्ही सगळे. परदेशातल्या मॅडम एकदम खूष. असं काम त्यांनी बघितलं नव्हतं म्हणे. मग त्या म्हणाल्या, प्रत्येक नियमाखाली तुमच्या भाषेत काहीतरी लिहिलंय, अक्षरं फार सुंदर दिसतात. हे लेखकाच्या नियमाखाली काय आहे?

मनीषा प्रत्येक नियमाखाली स्वतःसाठी मराठीत टिपा लिहून ठेवायची. बटणानं त्याही छापल्या होत्या. सचिनरावांनी पुस्तक उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

मॅडमनी ते पान स्क्रीनवर मोठं केलं. आम्ही सगळ्यांनी वाचलं.

'लेखकाचं नाव रिकामं ठेवता येत नाही. आमच्या ऑफिसात ठेवता येतं.'

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इट सेज, मॅडम, ऑथर नेम इज कंपल्सरी."

"अँड द सेकंड सेंटेन्स?"

साहेबांनी मागं वळून बघितलं. मनीषा त्यांच्याकडंच बघत होती.

"सेकंड सेंटेन्स, मॅडम," साहेब म्हणाले, "इज ओन्ली फॉर लोकल!"