बसस्टॉपवरचा रोल

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला; कॅमेऱ्यातलं मला कुणी शिकवायचं नाही. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवराबायको अमेरिकेत, रेडमंडला मुलाकडे होतो. त्याच्या मित्रानं जपानहून फोटोंचं एक पुस्तक आणलं होतं. तिथल्या शहरातली रोजची माणसं. छत्री झटकणारी बाई, मासे तोलणारा, सायकलवर पेंगलेलं पोर. एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. स्टुडिओत मी जन्मभर ‘हनुवटी वर, हलू नका’ म्हणत लाकडाचे ओंडके काढले होते. म्हटलं, आता न सांगता काढायचे.

कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जुना रोलचा कॅमेरा घेऊन जायचो. दिवसाला एकच फोटो. अठरावा बायकोचा. लग्नापासून कॅमेरा दिसला की तिचं तोंड मिटायचं. त्या दिवशी वाऱ्यानं छत्री उलटी झाली आणि ती खदखदून हसली. तिचा हसतानाचा तेवढा एकच, त्या रोलमध्ये.

चौतिसाव्या दिवशी एक लहान मुलगी आईच्या कोटात शिरून बसली होती. मी काढला. आई ताडकन उठली.

“डिलीट इट!”

एवढं इंग्रजी मला कळतं. मी कॅमेऱ्याची पाठ दाखवली. पडदा नाही, बटण नाही, पुसणार काय? तिला वाटलं, म्हातारा बनवतोय. तिनं पोलिसांना फोन लावला, मी मुलाला.

दोघंही आले. पोलिसानं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

मुलगा म्हणाला, “बाबा, रस्त्यावर फोटो काढणं लीगल आहे, पोलीस काही करणार नाही. पण सॉरी म्हणा, रोल देऊन टाका ना यार!”

“यार कुणाला म्हणतोस? गुन्हा नाही ना? मग चल घरी.”

“ती काय म्हणते ते ऐका. नवरा मारायचा. इथं लपून राहतेय. फोटो नेटवर गेला तर त्याला पत्ता लागेल.”

“माझा फोटो कशाला जातोय नेटवर?”

“हे तिला कसं कळणार?”

“सांग तिला, घरी अंधारात तेवढाच तुकडा कापून देतो.”

त्यानं सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. रडत नव्हती ती. मुलीचं तोंड तळव्यानं झाकून धरलं होतं, माझ्यापासून.

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. चाळीस वर्षं ज्या उजेडापासून रोल जपले, त्या उजेडात हा टोकापर्यंत ओढून काढला आणि तिच्या हातात दिला. सॉरी मात्र म्हणालो नाही.

घरी बायको म्हणाली, “माझापण गेला ना? बरं झालं. दात दिसले असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा रोल भरून बसस्टॉपवर गेलो. एक चिनी म्हातारा बसला होता. स्टुडिओत गिऱ्हाईकच मला ‘फोटो काढता का’ विचारायचं. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. कॅमेरा खाली धरून मी म्हणालो, “फोटो?”

त्यानं हातानं नको म्हटलं. कॅमेरा कोटाच्या आत घालून मी त्याच्या शेजारी बसलो.