मामांचा घातांक

आपला पासवर्ड कुणी चोरेल या काळजीत असलेली माणसं पुण्यात घरोघरी सापडतील. तो अजून कुणी चोरून कसा दाखवला नाही, या काळजीने खंगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा. मामा कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले आणि धायरीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एका घातांकाशी वैर मांडलं. एक संख्या स्वतःशीच गुणत जायची, दर वेळी ठरावीक संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची, आणि शेवटची बाकी पाहून किती वेळा गुणलं ते ओळखायचं. "धान कांडून पोहे कुणीही करील जावईबापू, पोह्यांचं पुन्हा धान करून दाखवा." जगातली कित्येक गुप्त कुलपं या न जमण्यावरच लटकलेली आहेत म्हणे. मामांनी निवडलेलं गणित याच घराण्यातलं, फक्त साध्या संख्यांऐवजी शून्य-एकाच्या लांबलचक माळांचं.

त्यासाठी त्यांचा जुना कॉम्प्युटर सहा वर्षं अहोरात्र घरघरत होता. वीज जायची म्हणून इन्व्हर्टर आला, पण त्यावर पंख्याला जोडणी नव्हती. "मी उकडून निघाले तरी चालेल, त्यांचा घातांक गार राहिला पाहिजे," मामी पदराने वारा घेत म्हणायच्या. मी हिंजवडीत सिक्युरिटी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून मामांचा माझ्यावर विशेष लोभ. "काय म्हणतंय तुमचं कुलपांचं दुकान? किल्ली कोणत्या बाजूने फिरते, समजलं का?" हे त्यांचं स्वागत. माझ्या मेव्हणीला पाहायला आलेल्या आयटीतल्या मुलालाही त्यांनी सोडलं नाही.

"आपलं कुलूप फुटणार नाही कशावरून?"

"सर, इंडस्ट्री स्टँडर्ड आहे."

"म्हणजे आपल्याला माहीत नाही. घ्या, चहा घ्या."

लग्न झालं, पण जावई मामांना अजून लांबूनच नमस्कार करतो.

मग एके दिवशी बातमी आली की परदेशातल्या काही गणितज्ञांनी या शून्य-एकाच्या माळांसाठी भलतीच झटपट रीत काढली. आमच्या ऑफिसात धावपळ उडाली. आपली कुलपं शाबूत आहेत का, साहेबांनी मला विचारलं, मी गुपचूप जिन्यात जाऊन फोनवर मामांना. ते म्हणाले, "तुमची कुलपं दुसऱ्या जातीची आहेत, निश्चिंत राहा. फुटलं ते माझं." मी स्लाइडवर 'नो इम्पॅक्ट' लिहिलं आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. फोनवरचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं, ते घरी आल्यावर.

महिन्याभराने धायरीला गेलो. कॉम्प्युटर बंद होता. मामांनी ती नवी रीत शिकून, स्वतः प्रोग्रॅम लिहून चालवला होता. सहा वर्षांत न हललेला घातांक एका दुपारी बाहेर पडला होता. "बरोबर आहे, दोनदा ताळा केला," ते म्हणाले. "फार सुंदर रीत आहे हो. मला सुचायला हवी होती." मामी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेल्या.

थोड्या वेळाने मामांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "तुमच्या ऑफिसात सध्या काय काम चालतं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी सांगत गेलो, मीटिंगा, स्लाइडी, बढती, सगळं. तासभर त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि एकदाही टोमणा मारला नाही. मला फार वाईट वाटलं.