बाबांच्या पलंगावर आज ताई झोपल्या

मंडळी, बाबांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली आहे, जीभ मात्र शाबूत आहे. सरकारी योजनेतून एक ताई रोज सकाळी घरी येतात. बाबांचा चालता हात स्वतःच्या गळ्यात घेऊन "चला काका, उठा" म्हणत त्यांना खुर्चीत बसवतात.

आज उचलतानाच ताईंच्या कमरेत चमक भरली. तरी बाबांना त्यांनी खुर्चीत नीट टेकवलं आणि मग स्वतः फरशीवर बसल्या.

"रिक्षा बोलावतो, दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

"नको दादा. आम्ही कंत्राटी, आम्हाला विमा नाही. एक्स-रे, औषधं कुठून करू?"

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांचं औषधपाणी सरकार अजून बघतं. ते म्हणाले, "म्हणजे मला उचलायचं काम सरकारी आणि त्यात मोडलेली कंबर तुमची खाजगी. छान आहे."

मग त्यांनी ताईंना आपल्या पलंगावर झोपायला लावलं आणि मला शेकायची पिशवी आणायला पिटाळलं.

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "ऑफिसात कळवू नका हं. माझ्या जागी दुसरी पाठवतील."

म्हणून इथे त्यांचं नाव नाही. विमा मागायचा तर आधी दुखतंय असं म्हणावं लागतं. ज्यांना तेवढंही म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी तो मागायचा कुणी?