दारातलं झेंडूचं फूल

कानडी मुलखातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. त्यात संगणकाच्या हुकमावर चालणारी दोन सीएनसी मशिनं आहेत. लेथमध्ये लोखंड गरगर फिरतं, हत्यार ते सोलत जातं आणि पंपाचे गोल दांडे तयार होतात. मिलिंगमध्ये उलट, लोखंड जखडलेलं असतं आणि फिरणारं हत्यार त्यात खाचा नि भोकं पाडतं. दोन्हींचे प्रोग्रॅम मी लिहिते. दार नीट लागलं नाही तर दोन्ही हटून बसतात.

लेथ नवा आला त्या वर्षी आयुधपूजेला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला कुंकू लावलं, हार घातला, पुढ्यात कोहळा फोडला. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची असते, पण अण्णांना कुठला धीर! "स्वल्प चालवून बघतो," म्हणत त्यांनी हिरवं बटण दाबलं. लाल दिवा लागला. हारातलं झेंडूचं फूल दाराच्या फटीत अडकलं होतं. ते उपटायला अण्णांनी हात घातला, तशी आई कडाडली, "पूजेचं फूल आज निघणार नाही. मशीनला कळतं, तुम्हाला कळत नाही!"

एरवी सणालाही कारखान्यातच असणारे अण्णा धुसफुसत घरी आले आणि सणाच्या दिवशी पहिल्यांदाच आईच्या शेजारी जेवायला बसले.

आता दर वर्षी ते स्वतःच फटीत फूल खोचतात. मेन स्विच बंद केला तरी पुरे, असं मी कानीकपाळी ओरडते. ते ऐकत नाहीत. हिरवं बटण दाबतात, लाल दिवा बघतात, "सरी", म्हणजे ठीक, म्हणतात आणि आईला पुरणपोळ्यांचं विचारतात, "होळिगे झाल्या का?"